आधी छत्री की आधी हात

वाचकाला हसवणं सोपं आणि घाबरवणं त्याहून सोपं, पण एकाच वेळी दोन्ही करून दाखवणारा माणूस आपल्याकडे एकच आहे आणि तो चष्मे विकतो, असं चष्मेवाले सगळ्यांना सांगत सुटले होते. तेही कधी, तर गिऱ्हाईक डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकून बसलेलं असताना. म्हणजे त्या बिचाऱ्याला उठून जायचीही सोय नाही.

सांगायला कारणही तसंच होतं. चष्मेवाल्यांची पहिलीवहिली कादंबरी छापून आली होती. भाड्याच्या घरातलं एक जुनं कपाट आणि त्यात राहणारं भूत. भूत म्हणजे आधीचे घरमालक. स्वभावाने अगदी मऊ. मेल्यावरही आपली छत्री शोधत कपाटात थांबलेले. घाबरायला भूत, हसायला छत्री, अजून काय पाहिजे?

पुस्तकाची बांधणी मेहुण्याने केली होती, म्हणजे बायकोच्या भावाने. तो बाइंडर. सोळा-सोळा पानांचे घडी घातलेले फर्मे एकावर एक लावायचे, शिवायचे आणि पुठ्ठा चढवायचा, हे त्याचं काम. चष्मेवाल्यांनी प्रत्येक प्रकरण कापून-छाटून बरोबर एका फर्म्यात बसवलं होतं. मात्र पानांना आकडे घालू दिले नाहीत. वाचक म्हणे आकडा बघतो आणि किती राहिलं ते मोजतो, मग भीती वाटणार कधी? प्रकरणांनाही आकडे नाहीत. एवढंच काय, बाइंडरला कळावं म्हणून फर्म्याच्या तळाशी एक बारीक आकडा असतो, तोही त्यांनी काढायला लावला.

"दाजी, निदान तो तरी राहू द्या," मेहुणा म्हणाला होता.

"भूत काय नंबर लावून येतं का?" दाजींनी विचारलं, आणि विषय संपला.

आता या सगळ्यात पणाला काय लागलं होतं म्हणाल, तर एक खोली. दुकानाच्या मागेच घर, आणि घरातली मागची छोटी खोली बायकोच्या शिलाई मशीनची. कादंबरी सुरू झाली तसं मशीन पॅसेजमध्ये आलं आणि खोलीत लेखकाचं टेबल गेलं. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या गुडघ्याला मशीनचा कोपरा लागत होता, आणि बायको अंधारात सुईत दोरा ओवत बसत होती. नवरा चष्मेवाला असून. पुस्तक हातात पडलं त्या दिवशी तिने सरळ सांगून टाकलं, "लोकांना हे कळलं, तर खोली लेखकाची. नाही कळलं, तर टेबल बाहेर आणि माझं मशीन आत."

"कळणार म्हणजे काय, धावत येऊन सांगतील," चष्मेवाले म्हणाले.

आणि खरोखरच आले की लोक. पहिले आले औषधवाले. यंत्रावर हनुवटी टेकेचना त्यांची, इतके हसत होते. "अहो, तो कपाटातून हात बाहेर येतो ना, तिथे माझी मुरकुंडीच वळली. आमची ही विचारायला लागली, दुकानातलं काही पोटात गेलं का म्हणून."

चष्मेवाले फुलून आले. "बरोबर. विनोदीच आहे ते."

दुपारी आल्या गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जाणारा. त्या दिवशी तो पहिल्या बाकापर्यंतही पोचत नव्हता. "काय हो लिहिलंय तुम्ही? तो हात बाहेर आला आणि मी पुस्तक मिटलं. कपाट रिकामं केलंय मी. साड्या खुर्च्यांवर ठेवते. माणसाने घरात बसायचं कुठे?"

चष्मेवाले पुन्हा फुलले. "बरोबर. भयकथाच आहे ती."

मागच्या पडद्याआडून बायकोचा आवाज आला, "अहो, नक्की काय लिहिलंय तुम्ही?"

"दोन्ही."

"मग एकाला एकच का मिळतंय?"

चष्मेवाल्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. पुढच्या आठवड्यात तर त्यांचं डोकंच चालेनासं झालं. कुणी हसून लोळतंय, कुणी हाताशीच पुस्तक मिटून दिवा लावून झोपतंय, आणि दोघंही बोट ठेवतायत ते त्याच हातावर. शेवटी त्यांनी आपल्या धंद्यातून एक उत्तर काढलं. औषधवाल्यांना लांबचं दिसत नाही, बाईंना जवळचं. म्हणजे लांबचं न दिसणारे हसतात आणि जवळचं न दिसणारे घाबरतात. हा शोध त्यांनी दोन दिवस सगळ्यांना ऐकवला. तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला. लांबचं दिसत नाही म्हणून बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावणारा हा माणूस घाबरून कपाटाकडे पाठ करूनही झोपत नव्हता आणि तोंड करूनही झोपत नव्हता. शोध तिथेच बारगळला. स्वतःचं पुस्तक उघडून बघावं, हे मात्र त्यांना काही सुचलं नाही. त्यांना ते तोंडपाठ होतं ना.

रविवारी वाचनालयात पुस्तकावर चर्चा ठेवली होती. खुर्च्या आपोआप दोन बाजूंना सरकल्या. इकडे हसणारे, तिकडे घाबरणारे, आणि मध्ये टेबलाशी आपले चष्मेवाले. मागच्या रांगेत बायको, तिच्या शेजारी मेहुणा. आज काय तो निकाल लागणार होता.

औषधवाल्यांनी सुरुवात केली. "बाई, राग मानू नका. पण त्या हाताला काय घाबरायचं? तो बिचारा छत्री मागतोय."

"छत्री?" बाई म्हणाल्या. "कसली छत्री?"

"कसली म्हणजे? घरमालकांची. हाताच्या आधी सगळं प्रकरण छत्रीवरच आहे."

"हाताच्या आधी छत्रीबित्री काही नाही."

"मग तुम्ही पानं गाळून वाचलीत."

जन्मभर मुलांना पायऱ्या गाळू नका म्हणून सांगत आलेल्या बाईंना कुणीतरी हे बोललं होतं. "मी? पानं गाळते?" बाई उठल्या. त्यांच्या मागे सगळे घाबरणारे उठले. म्हणून मग हसणारेही उठले. "लेखकालाच विचारा. आधी छत्री की आधी हात?"

सगळे चष्मेवाल्यांकडे बघू लागले. छत्री आधी म्हणावं तर बाई खोट्या पडतात, निम्मे वाचक जातात आणि त्यांच्याबरोबर खोलीही जाते. म्हणून चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला आणि गंभीरपणे म्हणाले, "भुताला आधी आणि नंतर नसतं."

दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण बाई गणिताच्या. त्या तरातरा औषधवाल्यांकडे गेल्या, त्यांची प्रत घेतली, आपल्या प्रतीशेजारी ठेवली आणि एकेक पान उलटत गेल्या. "या पुस्तकात छत्री आधी आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "माझ्यात नाही."

मागच्या रांगेत मेहुणा खुर्चीत खाली-खाली सरकत होता. बायकोने त्याला कोपराने ढोसलं. "तू केलंस?"

"ताई, मी मुद्दाम नाही केलं." तो उभा राहिला. "निम्म्या प्रती लावून झाल्या होत्या. चहाच्या वेळी म्हटलं बघू तरी दाजींनी काय लिहिलंय. छत्रीच्या आणि हाताच्या फर्म्यांचे दोन ढीग घेऊन वाचत बसलो. परत ठेवताना अदलाबदल झाली असणार. पुढच्या सगळ्या प्रतींत हात आधी गेला." मग जरा धीर करून म्हणाला, "आकडा असता तर कळलं असतं."

आता सगळ्यांच्या नजरा पुन्हा चष्मेवाल्यांकडे वळल्या. या वेळी पुसायला चष्मासुद्धा हातात सापडेना.

"म्हणजे माझ्या पुस्तकात छत्री हाताच्या नंतर आहे?" बाईंनी विचारलं. त्यांनी आपली प्रत उघडली, हाताच्या प्रकरणाच्या शेवटच्या पानाशी आल्या, आणि पोस्टमनला शेजारी उभं करून पान उलटलं. मोठ्याने वाचायला लागल्या. कपाटातून हात बाहेर आलेला आहे, घरातले सगळे भिंतीला चिकटलेत, आणि पुढच्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत आतून अगदी हळू आवाजात कुणीतरी विचारतंय, 'माफ करा, माझी काळी छत्री बघितलीत का?'

बाईंना हसू फुटलं ते आवरेना. पोस्टमन त्यांच्या खुर्चीचा पाय धरून खाली बसला. इतके दिवस दिवा लावून झोपणारी ती सगळी बाजू डोळे पुसत, पोट धरत हसत होती, आणि कुणीतरी मध्येच म्हणत होतं की अंगावरचा काटा अजून गेला नाही.

औषधवाले मात्र हिरमुसले. "मग मला का नाही घाबरवलं? मलाही तसलीच प्रत द्या बदलून." त्यांच्या मागच्या सगळ्यांचंही तेच म्हणणं पडलं. एकाच वेळी भीतीही आणि हसूही, असं हवं असेल तर बांधणी चुकलेलीच प्रत हवी.

घरी जाताना चष्मेवाले मनाशी हिशोब मांडत होते. बढाई तर खरी झाली होती, पण कुणामुळे ते त्यांना सांगता येईना. तरी दारात त्यांनी हळूच विषय काढला. "लोकांना कळलं म्हणायचं की नाही? मग खोलीचं काय?"

"ठरलं तसंच," बायको म्हणाली. "खोली लेखकाची."

त्यांचा जीव भांड्यात पडला. ते आत गेले. मशीन पॅसेजमध्येच होतं, गुडघ्याला लागलंच. खोलीचं दार उघडलं, तर त्यांच्या टेबलाशी, त्यांच्या खुर्चीत मेहुणा बसलेला. सभेतून आधी निघून आला होता. पुढ्यात कोरे कागद, कानावर पेन्सिल.

चष्मेवाले सध्या पॅसेजमध्ये, मशीनच्या फळीवर लिहितात. बायकोला शिवायचं असलं की उठतात. दुसरी कादंबरी चालू आहे, आणि या वेळी प्रत्येक पानाला त्यांनी ठळक आकडा घातलाय, वर एक आणि खाली एक. परवा थोडं लिहिलेलं त्यांनी मेहुण्याला वाचायला दिलं. त्याने ते शेवटपर्यंत वाचलं आणि कागद परत दिले.

"दाजी," तो म्हणाला, "आकडे काढा आणि माझ्याकडे द्या. मग बघू, काही जमतंय का."