भुईमुगाच्या आठ ओळींवरील मुंग्यांची स्वारी

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध पक्षी, गोंडपिपरी तालुक्यातील एका गावी जे तुंबळ युद्ध जाहले त्याची खरी हकीकत लिहोन ठेवणे प्राप्त जाहले. कारण की गावचे लोक पारावर बसोन भलतेच सांगतात आणि वर हसतात.

राजमान्य राजश्री नानाजी, निवृत्त वनरक्षक, तीस वर्षे वाघांचे मुलखात काठीनिशी हिंडलेले (वाघ समोर आला नाही, ही वाघाची मर्जी), यांचे घरामागील सांदवाडीत भुईमुगाच्या आठ ओळी होत्या. कन्या रंजीता सातवा महिना लागोन शनिवारी माहेरी यावयाची, आणि तिने फोनवरून एकच मागणे केले होते की, "बाबा, आपल्या वाडीतल्याच उकडलेल्या शेंगा पायजे मले, बजारातल्या नको." लेकीचे मागणे नानाजींस पातशाही फर्मानाहून थोर. त्यांनी वचन दिधले, आणि मग मंगळवारी पहिली ओळ माना टाकोन पडली.

खासा नानाजींनी झाड उपटोन पाहिले, तो शेंगांस भोके, आत दाणा नाही, आणि मुळाशी तांबड्या मुंग्यांची फौज. फौज तरी कैसी? डोळे नाहीत, निशाण नाही, उजेडात येणे नाही. वीतभर खोल मातीत बोगद्याचा राजमार्ग बांधिला, त्यास मुळामुळाकडे वाटा फोडिल्या, आणि एकीस खाणे सापडले की वासाचे मागावर हजारो येत. वाटेत गांडूळ भेटले तर गांडूळ फस्त, वाळवी भेटली तर वाळवी फस्त. ऐसी शिस्त नानाजींनी उभ्या चाकरीत पाहिली नव्हती.

बुधवारी नानाजींनी ओळींभोवती खंदक खणविला, म्हणजे स्वतःच खणिला, शिबंदी नव्हती, आणि त्यात पाणी सोडिले. मुंग्या खंदकाचे खालून गेल्या आणि दुसरी ओळ पडली. मग गुरुवारी जमिनीवर हळद आणि राख पेरिली. ज्या गनिमास वर यावयाचेच नाही त्यासाठी वर पहारे बसविणे ही मसलत थोरच म्हणावी. तिसरी ओळ पडली. मग शुक्रवारी, तेलात मुंगी बुडोन मरते ऐसा निश्चय करोन, लेक येणार म्हणोन शनिवारी घातलेल्या पंगतीच्या वड्यांकरिता आणिलेला तेलाचा पाच लिटरचा डबा कोणास न पुसता उचलिला आणि खंदकात रिता केला.

तासाभरात खंदकाची माती तांबडी जाहली. मुंग्यांस तेल म्हणजे मेजवानीचे आवतण, आणि चहूकडोन कुमक येऊन मिळाली. शेंगा गेल्या, तेल गेले, आता पोरीस तोंड काय दाखवावे म्हणोन नानाजी बांधावर बसले, आणि डोळ्यांत पाणी आले ते राखेमुळे आले ऐसे स्वतःसच सांगते जाहले.

इतक्यात सौभाग्यवती कमळाबाईंची स्वारी दाखल जाहली आणि फर्मान सुटले की, "वड्याचं तेल कुठी गेलं? आन् तुमी इथी काऊन बसून राह्यले?" नानाजींनी खंदकाकडे बोट दाखविले. बाईंनी वाकोन खंदक पाहिला, मग चौथ्या ओळीचे एक झाड उपटिले. मुळाशी एक मुंगी नाही, शेंगा भरगच्च.

"अवो, शेंगा सोडून साऱ्याच तेलावर गेल्या नं! उठा, फावडं आना."

मग तेलकट माती मुंग्यांसुद्धा घमेल्यांत भरोन कोंबड्यांपुढे टाकिली. अकरा कोंबड्यांनी सहा घमेली साफ केली आणि ऐसा पराक्रम केला की बखरीत त्यांची नावे असावयाची, परंतु त्यांस नावे नाहीत. उरलेल्या फौजेने तळ उठवोन कूच केले. कोणीकडे, हे शेजारचा लहानू आपल्या माना टाकलेल्या वांग्यांच्या वाफ्यात उभा राहोन पुसतो, तेव्हा नानाजी आभाळाकडे पाहतात.

शनिवारी पंगतीस वडे नव्हते. रंजीता पाय लांब करोन बसली, टोपलीभर शेंगा सोलोन खाल्ल्या आणि म्हणाली, "मुंग्या लागल्या होत्या म्हन्ते नं? कोनं हाकललं त्यायले?"

नानाजींनी खरे सांगावयास तोंड उघडिले. त्याआधीच कमळाबाई बोलिल्या, "तुह्या बाबानं. चार दिस धड जेवले नाईत तुह्या शेंगापायी."

नानाजी खाली मान घालोन शेंगा सोलीत बसले आणि सोललेला दाणा लेकीच्या हाती देत राहिले. सबब फत्ते राजश्री नानाजींची जाहली. ऐसा कमळाबाईंचा हुकूम आहे, आणि त्याजवर अपील नाही.