दोन रिले आणि चौदा अंघोळी

आमच्या बावडा गावात माझ्यापेक्षा सुरक्षित गिझर कुणाकडे असेल तर त्यानं येऊन दाखवावा! मी सर्जेराव. एकतीस वर्षं साखर कारखान्यात वायरमन होतो. विजेशी माझा घरोबा आहे.

बायको गेल्यापासून मी एकटाच राहतो आणि गिझर लावून विसरतो. दोनदा पाणी उकळून न्हाणीत नुसती वाफ झाली. रोज फोन करणारी बारामतीची लेक उत्कर्षा म्हणाली, तिसऱ्यांदा असं झालं तर घराला कुलूप घालून तुम्हाला घेऊन जाईन. तिथं तिसऱ्या मजल्यावर बसून मी करणार काय? म्हणून पाणी तापलं की गिझर आपोआप बंद करणारं यंत्र बनवलं.

गिझरची वीज चालू-बंद करणारा रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी. टक झालं की चालू, टक झालं की बंद. तो जळून चिकटला, की गिझर काही बंद होत नाही. मी एकामागं एक दोन बसवले. घरात दोन जावा असतात तसं, एकीचं चुकलं की दुसरी लगेच पकडते! शिवाय गिझर बंद झाल्यावर दहा मिनिटांत मी खुशालीचं बटण दाबलं नाही, तर यंत्र फोन लावून माझ्याच आवाजात सांगणार, "मी सर्जेराव. न्हाणीत हाय. उठता येत न्हाय. लवकर या." यंत्रात दहा नंबर बसत होते. मला दोनच सुचले, उत्कर्षा आणि शेजारचे दत्तोबा. जरा वाईट वाटलं.

रविवारी सकाळी गिझर लावला आणि पाणी तापेतोवर दळण आणायला गेलो. गिरणीत गप्पांना माणूस भेटला. मग कसला गिझर आणि कसलं बटण!

परत आलो तर माझ्याच दारात ही गर्दी. सगळे मान खाली घालून उभे. मी मागून दत्तोबांना विचारलं, "कोण गेलं?"

"आपला सर्जेराव," ते न वळताच म्हणाले. "न्हाणीत पडला. फोन केला बिचाऱ्यानं, आता हाकेला ओ न्हाय. दार आतनं लावलंय, पहार आणाय पाठवलंय."

"माणूस कसा होता?"

"बरा होता. पण एकदा बोलाय लागला की सोडायचा न्हाय."

आता राहवेना. "दत्तोबा, दार लावलेलं न्हाय, फुगलंय. खालनं लाथ मारावी लागती."

दत्तोबा वळले आणि मटकन खाली बसले.

हसणं-रडणं झालं. मला तर आनंदच झाला होता. दोन वर्षांत इतकी माणसं घरी आली नव्हती! मी चहाचं आधण ठेवायला निघालो, तर गल्लीतल्या थोरल्या ठमाबाईंनी अडवलं. मयताच्या घरी चहा घेत नाहीत आणि मयताला निघालेल्या माणसानं अंघोळ केल्याशिवाय आपल्या घरात शिरायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी मेलेलो नाही, हे मी नम्रपणे लक्षात आणून दिलं.

"त्ये खरं हाय," त्या म्हणाल्या, "पण आमी निघालो त्याच कामाला. अन् तुमचं पाणी तापल्यालंच हाय की."

चौदा माणसं रांगेनं अंघोळीला बसली! बादलीमागं टक, बादलीमागं टक. दोन्ही रिले एकदाही चिकटले नाहीत. ज्याची अंघोळ झाली तो ओल्या केसांनी घरी गेला. अशा दारातनं निघताना "येतो" म्हणायचं नसतं, म्हणून तेही कुणी म्हणालं नाही.

मध्येच उत्कर्षा रडत पोचली. गळ्यात पडली, मग चिडली, मग यंत्रापुढं उभी राहून तिनं शेवटच्या चार अंघोळी मोजल्या. मी हात जोडायचेच बाकी होते. घराला कुलूप लागतंय की काय, हीच भीती होती.

"आबा, झ्याक केलंय," ती म्हणाली. "येळेवर बंदबी झाला, अन् माणसंबी गोळा झाली. ऱ्हावा तुमी हितंच. मला आता घोर न्हाय. रोज फोन करून इचारायचीबी गरज न्हाय. काय झालं तर ह्ये करंलच की."

मी "व्हय" म्हणालो. तुम्हाला म्हणून सांगतो, यंत्र जरा जास्तच चांगलं झालंय.