बेटावरची काठवट

लढाई संपल्यावर मच्छिंद्र टेंभुर्णीला परतला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत एक लाकडी काठवट होती. होडीच्या आकाराची, काळीभोर, काठावर मासे कोरलेले आणि दोन्ही टोकांना डोळे वटारलेले चेहरे. जपान्यांच्या कैदेतून पळून तो दूरच्या एका बेटावर लपला होता. तिथल्या एका म्हाताऱ्याने त्याला सहा महिने याच काठवटीतून, स्वतःच्या पोरांबरोबर, उकडलेले कंद खाऊ घातले आणि निघताना ती देऊनही टाकली.

मच्छिंद्राने हे पारावर भोळेपणाने सांगितले. पाटील रामराव ऐकत होते.

"कोन्या जातीचे व्हते ते?"

"इचारलं न्हाई, पाटील. भूक लागल्ती."

एवढ्यावर मच्छिंद्र बाटला. पंचांनी ठरवले की निकाल पोळ्याला द्यायचा. तोवर त्याच्या घरच्यांनी गावविहिरीवर पाणी भरायचे नाही आणि काठवट पुरावा म्हणून रामरावांकडे राहील. मच्छिंद्राची बायको आसराबाई कोसभरावरच्या ओढ्यावरून घागरी वाहू लागली.

पुरावा रामरावांना पहिल्याच दिवशी आवडला. त्यांनी तो पुसून ओसरीवर मांडला आणि खास हैदराबादहून मागवल्याचे पाहुण्यांना सांगू लागले. त्यांच्या पत्नी नंदाबाईंनाही ते खरेच वाटले.

पोळ्याला पंच आधी पाटलांकडे जेवले. पुरणपोळ्या इतक्या तलम, की भुजंग नावाचे पंच सातवीवर कसेबसे थांबले. कणीक एवढी मऊ कशी, असे त्यांनी नंदाबाईंना विचारले.

"ह्यांनी हैदराबादहून मागवलेली काठवट हाय ना, तिच्यात मळली. बिलकुल चिकटत न्हाई."

कोणाचा घास घशात राहिला, कोणाचा हातात. रामरावांनी घाईने तुपाची वाटी उचलून सगळ्यांना स्वतः तूप वाढायला घेतले.

निकाल मोठा विद्वत्तेचा लागला. काठवट म्हणजे लाकूड, लाकूड म्हणजे झाड, आणि झाडाला जात नसते; शिवाय समुद्राचे पाणी खारट असल्याने विटाळ वाटेतच धुतला जातो. सबब मच्छिंद्र निर्दोष. काठवट जल्दीने घरपोच झाली.

पण नंदाबाईंना आता साध्या परातीत कणीक मळवेना. त्या आसराबाईच्या दारात आल्या आणि घटकाभर काठवट मागू लागल्या. आसराबाई उंबऱ्यावरून हलली नाही.

"भांडं घराबाहेर न्हाई जायाचं. पीठ घेऊन या, हितंच मळा."

दिवाळीपर्यंत पाटलांच्या आणि पाचही पंचांच्या घरची कणीक आसराबाईच्या ओसरीवर मळली जाऊ लागली, तिच्याच घागरीतल्या पाण्याने. घरी पंच मुकाट्याने जेवत आणि आणखी एक पोळी मागून घेत.