रत्नम्माची अर्धी गोळी

उदगीरच्या वीरभद्र कापडवाल्यांना तोंड आवरत नसे, आणि त्यापायी लेकीची दोन स्थळं हातची गेली होती. देगलूरच्या मुलाला त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं होतं, "तुमच्या पँटचं कापड दोन धुण्यांत आटतंय बघा." दुसऱ्या पाहुण्यांना, मुलगी आठपर्यंत उठत नाही, हे कुणी न विचारता कळवलं होतं. आज लातूरचे पाहुणे येणार होते. मुलगा रविकिरण लेकीच्या, मंजुश्रीच्याच, बँकेत होता आणि तिला तो मनापासून आवडला होता. हे स्थळ गेलं असतं तर तिनं वडिलांना कधीच माफ केलं नसतं.

"अप्पा, आज तुम्ही नुसतं हसायचं."

"माझ्यानं होईना गं. तोंड मिटलं की छातीत धडधड होऊन राहिली."

वीरभद्रांच्या बायकोला, रत्नम्माला, एकदम आपली झोपेची गोळी आठवली. डॉक्टरांनी तिला रात्री अर्धी सांगितली होती. तेवढ्यानं बाई अशी गार व्हायची की शेजारी पातेलं पडलं तरी कूस बदलत नसे. आपल्याला गुण आलेलं औषध घरच्यांपासून राखून ठेवणं तिला कोतेपणाचं वाटे.

"अर्धी घ्या. एकदम थंड व्हताव."

"आधी तू घे. मला भ्या वाटतंय," वीरभद्र म्हणाले.

त्यांना धीर यावा म्हणून अर्धी तिनं घेतली आणि अर्धी त्यांनी.

पाहुण्यांच्या हातात सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, बशा येईपर्यंत रत्नम्मा सोफ्याच्या कोपऱ्यात मान टाकून गाढ झोपली होती. वीरभद्र मात्र स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. डोळे लकाकत होते.

"मंजू, मला काहीच झालं न्हाई. उलट लई हुशारी वाटून राहिली."

मंजुश्री गोंधळली. अव्वा आडवी झाली आणि अप्पांना काहीच नाही? अप्पा अंगानं अव्वाच्या दीडपट, त्यांना अर्धीनं काय होणार, असं म्हणून तिनं आणखी अर्धी दिली.

मग वीरभद्र बाहेर गेले आणि त्यांनी मुलाच्या वडिलांच्या, शिवलिंगरावांच्या, सफारीची बाहीच चिमटीत धरली.

"किती दिले हो? फसवलं तुम्हाला!"

शिवलिंगरावांनी बशी खाली ठेवली. मंजुश्रीनं आत धावत जाऊन डॉक्टरांना फोन लावला.

"अव्वाला झोप लागली आणि अप्पा पेटलेत! गोळी एकच आहे हो!"

"गोळी एक असली तरी माणसं दोन आहेत ना!" डॉक्टर चिडले. "कुणाला झोप येते, कुणाला हे असं उलटं होतं. एकाचं औषध दुसऱ्याला देतं का कुणी? आता आणखी देऊ नका. लक्ष ठेवा, आणि झोप फार जड वाटली तर लगेच घेऊन या."

बाहेर वीरभद्रांची गाडी सुसाट सुटली होती. "पोरगी आठला उठती. पोळी वाकडी लाटती. राग नाकावर हाय. पण मी दोन महिने अंथरुणात होतो तवा बँक सांभाळून दुकान हिनं एकटीनं चालवलं, आन् मला कळूबी दिलं न्हाई की तिला किती जड गेलं." त्यांनी लेकीकडे बोट केलं. "ही गेल्यावर मी बोलू कुणाशी? हिची आई तर झोपूनच राहिली बघा!"

दारात उभ्या मंजुश्रीला रडावं की पळावं हे कळेना. अप्पांना हे सगळं ठाऊक आहे, याचा तिला पत्ताच नव्हता.

रविकिरणच्या आईनं, महानंदाबाईंनी, डोळे पुसले. "स्थळं लई बघितली," त्या म्हणाल्या. "सगळे गोड गोड बोलतेत. खरं बोलणारे हेच पहिले. आम्हाला पोरगी पसंत हाय."

"आन् ह्या कापडाचं मी हिला तवाच म्हणलो होतो," शिवलिंगराव बाही बघत म्हणाले.

सकाळी वीरभद्र ताजेतवाने उठले. पाहुणे आल्याचं त्यांना आठवत होतं, पुढचं सगळं कोरं होतं.

"मंजू, काय म्हणले?"

"पसंत आहे म्हणले."

"बघितलंस?" वीरभद्र बायकोला म्हणाले. "एक शब्द बोललो न्हाई मी!"

"हाव की. मी बाजूलाच होते. लई शांत बसले होते हे."

मंजुश्री खरं काय ते सांगायला पुढं आली. तेवढ्यात लातूरहून फोन आला. तिनं तो ऐकून ठेवला आणि जपून सांगितलं, "अप्पा, साखरपुड्याला चार शब्द तुम्हीच बोलायचे, अशी त्यांची लई इच्छा आहे."

वीरभद्रांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं त्यांच्याकडे.

"आता गं?" रत्नम्मा म्हणाली. "ह्यांना बोलता येतंय हे त्यांना सांगितलं कुणी?"