सोपानरावांचं मार्मालेड

सोपानरावांसमोर संत्रं सोलायची सोय नव्हती. साल खाली पडायच्या आत ते झेलत. एकदा जेवणाच्या सुट्टीत आमच्या मोठ्या साहेबांनी साल कचऱ्याच्या टोपलीत टाकली, तर हे महाशय टोपलीत कोपरापर्यंत! वर साहेबांनाच दम, "सायेब, ह्यो जिन्नस टाकायचा न्हाई! सगळा जीव ह्यातच हाय!"

पिंपरीचा औषधांचा कारखाना तेव्हा नवाकोरा होता आणि वसाहतीत आमची दारं समोरासमोर. त्याआधी सोपानराव देहूरोडच्या छावणीत गोऱ्या साहेबाकडे स्वयंपाकी होते. साहेब विलायतेला गेला आणि मागे दोन गोष्टी ठेवून गेला: एक खाकी अर्धी चड्डी आणि मार्मालेड. संत्र्याच्या सालींचा कडसर मुरंबा म्हणा ना! दर हिवाळ्यात सोपानराव तो घालत आणि अख्ख्या वसाहतीला तोंड वाकडं करायला लावत.

त्या वर्षी मात्र घात झाला. भरात येऊन त्यांनी बायकोचं, म्हणजे पारूवहिनींचं, माहेरचं पितळी पातेलं उचललं. आतली कल्हई उडालेली. आंबट रस रात्रभर त्यात राहिला आणि सगळं कळकून हिरवंगार! वहिनींनी पातेलं काखोटीला मारलं, "कल्हई लावून आणते," म्हणाल्या आणि चाकणला भावाकडे निघून गेल्या. पंधरवडा झाला. कल्हईला एवढा वेळ लागत नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

"झ्याक जमलं की बरणी घेऊन जातो," सोपानराव म्हणाले, "आन् घेऊनच येतो तिला."

पहिला घाणा सरबतासारखा पातळ. दुसऱ्यात कालथा रुतला तो रुतलाच. तिसऱ्या खेपेला आमचं एनॅमलचं पातेलं गेलं, आणि रस आळायला घालायच्या बियांची पुरचुंडी बांधायला त्यांच्या नव्या धोतराचा सोगा. माठावर गार केलेल्या ताटलीत थेंब टाकायचा, बोटानं ढकलायचा, त्यावर सुरकुती पडली की जमलं! मी ताटली धरून उभा.

"घाई न्हाई करायची, राव. सुरकुती आली पायजे."

"ताटलीच्या आधी तुमच्या दोघांच्या तोंडावर येईल," आमची ही दारातून म्हणाली.

आणि अचानक सोपानराव ओरडले, "आली! आली!" कुणाला कळा आल्या असं समजून शेजारच्या काकू गरम पाण्याचं भगुणं घेऊन धावल्या!

मी चमचा पुढे केला. सोपानराव मागे सरकले. "छ्या! मला कडू न्हाई चालत."

"मग दरसाल हा खटाटोप कशाला?"

ते बरणी पुसत राहिले. "लगीन नवं व्हतं. सायबाकडची बरणी घरी आणली, तळाला बोटभर राहिलेली. हिनं चाटून बघितलं आन् म्हणली, 'आणखी हाय का?' एवढ्या संसारात तेवढंच मागितलं बघा तिनं. आन् बरणी रिकामी!"

"मग नंतर?"

"नंतर दरसाल घातलं की. खाती गुमान. पर 'आणखी हाय का?' असं पुन्यांदा कधी म्हणली न्हाई."

रविवारी सायकली काढून आम्ही चाकणला गेलो. ओट्यावर पातेलं लख्ख घासून पालथं घातलेलं. कल्हई केव्हाच झालेली. वहिनींनी बरणी घेतली, बोट बुडवलं, चाटलं. सोपानराव सायकलीच्या चाकाकडे बघत उभे.

"लई कडू झालंय," वहिनी म्हणाल्या.

सोपानरावांनी पंप काढला आणि खाली बसून हवा भरायला लागले.

वहिनींनी पुन्हा बोट बुडवलं. पातेलं उचलून काखोटीला मारलं.

"घरी आणखी हाय का?"

सोपानरावांनी मान वर केली नाही. टणक फुगलेल्या चाकात ते हवा भरतच राहिले.