डावीकडची ओली सीट

"लॉइड, मागे कुणी बसलं होतं का?" पिपने विचारलं.

लॉइडने वाकून पाहिलं. गाडी रात्रीपासून अंगणात कुलूपबंद उभी होती. तरी मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, ओल उमटली होती. नुसता डाग म्हणावा तर तसंही नाही. दोन मांड्या, चांगली ऐसपैस बैठक आणि पाठीच्या जागी थेट खांद्यापर्यंत चढलेला ओलावा. वर नदीच्या गाळाचा वास.

पिपचा चेहरा उतरला. ती जागा तिच्या वडिलांची. डोळे अधू झाल्यावर डेस्मंडने ही जुनी स्टेशन वॅगन जावयाच्या हाती दिली होती, पण भरवसा काही दिला नव्हता. मागे डावीकडे बसून हुकूम सोडायचे, "पुलाआधी दुसरा गिअर, जावईबापू." व्हाइटबेटच्या हंगामात तर दिवसभर होकिटिका नदीत उभं राहून ती बोटाएवढी, काचेसारखी आरपार मासळी जाळ्यात धरायची आणि छातीपर्यंतची रबरी विजार निथळत असतानाच गाडीत येऊन बसायचं. त्या ओल्या सीटवरून त्यांची बायको नोरीन जन्मभर भांडली.

डेस्मंड गेल्यापासून मात्र नोरीनबाईंनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. रविवारची चर्चमधली मिस्सा बंद, दुकानात जाणं बंद. चहासुद्धा अर्धा टाकायच्या. लेकीच्या जिवाला तोच घोर होता.

अंगणातली कुजबुज ऐकून त्या बाहेर आल्या. सीटवर तळवा फिरवला.

"आलास होय," त्या म्हणाल्या. "विजार काढून बसायला काय झालं होतं?"

मग कोट चढवून पुढच्या सीटवर बसल्या. "चल लॉइड. मिस्सा चुकेल."

त्या दिवसापासून पाऊस पडला की सीट भिजायची, आणि सीट भिजली की म्हातारी बाहेर पडायची. होकिटिका गावात पाऊस काय, मागितल्याशिवायच मिळतो. नोरीनबाई जेवू लागल्या, खांद्यावरून मागे भांडू लागल्या. गावातले लोक रस्त्यात मागच्या काचेकडे बघून टोपी उचलू लागले. फादर किअरन पवित्र पाणी शिंपडून गेले; सीट थोडी आणखी भिजली, एवढंच.

लॉइड पडला डोंगरापलीकडच्या क्राइस्टचर्चचा, कोरड्या मुलखातला माणूस. त्या लोकांना पाणी दिसलं की त्याची वाट बुजवल्याशिवाय चैन पडत नाही. त्याने शोध लावला. मागची डावीकडची न उघडणारी काच, तिच्याभोवतीचं रबर आकसलं होतं. तिथून पाणी आतल्या अस्तरामागून उतरायचं ते सीटच्या पाठीवर. एका दुपारी त्याने काच काढली, नवं रबर बसवलं, वरून सढळ हाताने फटी बुजवायचं सिलिकॉन फासलं आणि बागेचा पाइप सोडला. आत थेंब नाही.

"भूतबीत काही नाही गं," तो म्हणाला. "रबर होतं."

"आईला सांगू नकोस."

सांगायची गरजच पडली नाही. पुढच्या पावसात नोरीनबाईंनी सीट चाचपली. पुन्हा चाचपली.

"कोरडी आहे."

"गळती होती, आई. मी बुजवली."

त्यांनी काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. "म्हणजे तो आला असेल," त्या हळू म्हणाल्या, "आणि त्याला आत शिरता आलं नसेल."

कोट अंगात तसाच ठेवून त्या घरात गेल्या. चहा पुन्हा अर्धा राहू लागला. पाऊस लागला की गाडीच्या डाव्या काचेवर टकटक व्हायची. पन्हळीचा थेंब असेल, असं लॉइड स्वतःला सांगायचा. पन्हळ घराच्या दुसऱ्या बाजूला होती.

"केलंस ते मोड," पिप म्हणाली.

"चांगली काच गळकी करू?"

"तुझ्या सिलिकॉनपायी माझी आई जेवत नाहीये, लॉइड."

पण काम फारच चोख झालं होतं. सुरीचं पातं मोडलं, सिलिकॉन हलेना. शेवटी त्याने युक्ती काढली. उजव्या काचेचं रबर जुनंच होतं, त्याला खालच्या अंगाने चीर दिली. म्हाताऱ्याने जागा बदलली म्हणायचं, झालं.

सकाळी धो धो पाऊस. उजवी सीट छान भिजली होती. लॉइडने हात धरून सासूबाईंना गाडीपाशी आणलं. त्यांनी वाकून वास घेतला.

"हा कोण?"

"बाबाच, आई. कूस बदलली असेल."

"डेस्मंडने कधी खुर्ची बदलली नाही, कूस काय बदलतोय. हा मॉरिस. बैठक बघ ना, डेस्मंडपेक्षा केवढी मोठी. नदीतल्या मासे धरायच्या एका जागेवरून दोघं मरेपर्यंत बोलले नाहीत." मग त्यांनी पलीकडे हात लांबवला आणि चेहरा खुलला. "हा बघ, हाही आलाय. बरं झालं, एकदाचे शेजारी बसलात."

लॉइड समजुतीचं हसला आणि त्याने पलीकडे पाहिलं. डावी काच आतून कोरडी ठणठणीत. सिलिकॉन अभंग. आणि सीट खांद्यापर्यंत ओलीचिंब. त्या ओलीत बोटाएवढा, काचेसारखा आरपार मासा तडफडत होता. हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश होता.

त्याने दार अगदी हलकेच लावलं. सासूबाईंना पुढे बसवलं, गाडी काढली आणि आरसा छताकडे वळवून ठेवला.

पुलाचे कठडे दिसू लागले, तसा त्याने निमूटपणे दुसरा गिअर टाकला.

नोरीनबाईंनी खांद्यावरून मागे पाहिलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "शिकला की नाही पोरगा?"