आत्याकडचा करंट

एका जंगलात पंधरा अँपिअरचा एक सॉकेट होता.

हसू नका, मुलांनो. जंगलात सिंह असतो, ससा असतो, तसा सॉकेटही असतो. गोष्ट सांगणाऱ्याला पहिल्याच वाक्याला अडवलं, तर गोष्ट रुसून बसते.

तर हा सॉकेट डोंगरापलीकडे साळूआत्याच्या बिळात होता. स्वयंपाकाच्या ओट्याच्या वर, डाव्या हाताला. साळूआत्या म्हणजे एक म्हातारी साळिंदरीण. काटे पांढरे झालेले, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. आतोबांना थंडीत गरम पाण्याने अंघोळ करायची फार हौस. गिझर घ्यायचा म्हणून त्यांनी आधी मोठा सॉकेट बसवून घेतला. गिझर यायच्या आत आतोबाच गेले.

तेव्हापासून आत्या रोज सकाळी ओटा पुसायची आणि मग तो सॉकेट पुसायची. त्याचा तिला काही उपयोग नव्हता. पण बिळात बोलायला दुसरं होतं तरी कोण?

आत्याला एक भाचा होता, काटेराव. तो डोंगराच्या अलीकडे, मोठ्या जंगलात, वटवृक्ष सहकारी बीळ सोसायटीत राहायचा. बायको शलाका आणि दोन पिल्लं. पाच वर्षांत तो आत्याकडे फिरकला नव्हता. संक्रांतीला तिळगुळाचा फोटो मात्र न चुकता पाठवायचा. आत्या तो फोटो उघडायची, बघायची आणि म्हणायची, "फोटोतल्या लाडवाला मुंग्यासुद्धा लागत नाहीत."

साळिंदरांच्या घराण्यात दोन गोष्टी वाडवडलांपासून चालत आलेल्या. एक काटे आणि दुसरी काटकसर. काटेरावकडे दोन्ही भरपूर. पण एकदा एका लग्नात मोठ्या गाडीतून उतरलेल्या रानडुकराला पहिल्या पंगतीत बसवलं आणि पायी आलेल्या काटेरावला तिसऱ्या. तिसऱ्या पंगतीपर्यंत जिलबी संपली होती. ती जिलबी त्याच्या मनात रुतून बसली.

तो थेट शोरूममध्ये गेला. तिथे टाय लावलेला कोल्हा उभा होता.

"सर, ही फॅमिलीसाठी आहे. सात सीट, लेदरच्या. छतातून आभाळ दिसतं. आणि मुख्य म्हणजे दोन्हीवर चालते, विजेवर आणि पेट्रोलवर."

"म्हणजे एकावर नाही चालवली तरी चालेल?" काटेरावने विचारलं.

कोल्ह्याने असं गिऱ्हाईक पूर्वी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "सर म्हणतील तसं."

झालं. गाडी आली. चाकांखाली लिंबं चिरडली, नारळ फुटला. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही असं ठरलं. तरी साळिंदरच ते. पहिल्याच वळणावर प्लास्टिकला चाळीस भोकं पडली. मग प्लास्टिकवर गोणपाटं आली आणि सगळं घर त्या गोणपाटांवर पुढे सरकून, पाठ न टेकता, ताठ बसायला शिकलं.

काटेरावने टाकी काठोकाठ भरून घेतली आणि मनाशी प्रतिज्ञा केली, की यातला थेंबही जाळायचा नाही. जंगलात कोणी विचारलं, "काय हो, ॲव्हरेज किती देते?" की तो डोळे मिटून म्हणायचा, "काढताच येत नाही. शून्याने भागायचं कसं?"

पण वीज हवी ना! सोसायटीचा सेक्रेटरी होता तरस. काटेराव अर्ज घेऊन गेला.

"पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट?" तरस हसला. तो कुठल्याही अर्जाला हसायचा. "ठराव लागेल. ठरावाला सभा लागेल. सभेला कोरम लागेल. मागच्या वेळी कोरम झाला होता तेव्हा मी पिल्लू होतो."

काटेराव हिरमुसून घरी आला. विचार करता करता त्याला एकदम आतोबा आठवले, गिझर आठवला, सॉकेट आठवला. आणि मग, सगळ्यात शेवटी, आत्या आठवली.

पुढच्या रविवारी आत्याच्या अंगणात पांढरीशुभ्र गाडी येऊन उभी राहिली. काटेराव वाकून पाया पडला आणि उठता उठता म्हणाला, "आत्या, जरा वायर लावू का?"

आत्या काय ते समजली. पण पिल्लं तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात आली होती, शलाका ओट्याशी उभी राहून विचारत होती, "आत्या, मी काही करू का?" आणि बिळात पाच वर्षांनी भांड्यांपेक्षा जास्त आवाज होत होता.

"लाव की," आत्या म्हणाली. "सॉकेट वाटच बघत होता."

वायर खिडकीतून आत आली आणि सॉकेटला बसली. बॅटरी भरायला सहा तास लागतात, असं काटेरावने सांगितलं. सहा तास! आत्याने भोपळा किसायला घेतला.

असे रविवार सुरू झाले. आत्याकडे भरलेली बॅटरी घाट ओलांडून घरी न्यायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच घाट ओलांडून जेमतेम आत्याच्या अंगणात आणून सोडायची. मधले सहा दिवस काटेराव सगळीकडे पायी जायचा. बॅटरी वाचायला हवी ना! पिल्लं शाळेत पायी, शलाका बाजारात पायी. गाडीला मात्र रोज अंघोळ.

आत्याचं वय उलटं फिरलं. बुधवारपासून तिची तयारी चालायची. कधी भोपळ्याच्या घाऱ्या, कधी अळूचं फदफदं. जेवण झालं की काटेराव आंब्याखाली आडवा व्हायचा आणि घोरायचा. शलाका आतल्या खोलीत लवंडायची. पिल्लं अंगण उकरायची. आणि सहा तास झाले की, बरोबर सहा तास झाले की, काटेराव उठून म्हणायचा, "चला, झाली फुल."

ते 'चला' आत्याला काट्यासारखं लागायचं. साळिंदरणीला काटा लागणं म्हणजे कल्पना करा.

एका रविवारी घाऱ्यांचं पीठ मळता मळता तिने वर पाहिलं. सॉकेटशेजारी बटण होतं. बाहेर भाचा घोरत होता. गाडीचं ॲप होतं म्हणे, पण आत्याकडे रेंज फक्त बिळाच्या मागच्या दाराशी यायची, अंगणात नाही.

आत्याने बटण बंद केलं.

अर्ध्या तासाने तिला भीती वाटली, तिने चालू केलं. त्या दिवशी सहाचे साडेसहा तास झाले आणि पाहुणे चहाला थांबले. पुढच्या रविवारी सात. त्याच्या पुढच्या रविवारी आठ, आणि चहासोबत पोहेही झाले.

"आत्या, हल्ली वेळ का लागतोय गं?" काटेरावने विचारलं.

"व्होल्टेज कमी असेल रे," आत्या म्हणाली. हा शब्द तिने लाईनमनकडून ऐकला होता.

काटेराव गाडी घेऊन शोरूमला गेला. तिथल्या मेकॅनिक उदमांजराने गाडीला वायरी लावल्या, काढल्या, पुन्हा लावल्या आणि सांगितलं, "सॉफ्टवेअर अपडेट केलंय, सर. आता फरक पडेल." फरक पडला. पुढच्या रविवारी नऊ तास लागले.

मुलांनो, आत्याने इथे थांबायला हवं होतं. पण लोभ वाईट. त्या पुढच्या रविवारी पुरण शिजत होतं आणि आत्या पोळ्यांची कणीक मळत होती. आत्याला वाटलं, आज पोरं रात्रीच्या जेवणाला राहावीत. तिने बटण बंद केलं आणि पुरण वाटण्याच्या नादात चालू करायला विसरली. नेमके काटेरावच्या घरी त्या संध्याकाळी पाहुणे येणार होते. तो पाव बॅटरीवरच निघाला.

घाटात मध्येच गाडीच्या पोटातून आवाज आला. घुर्रर्र.

इंजिन जागं झालं होतं. काटेराव खाली उतरला, बॉनेटवर पंजा ठेवून उभा राहिला आणि घराला आग लागावी तसा ओरडला, "शलाका, पेट्रोल जळतंय गं!" हे सगळं शलाकाने दुसऱ्या दिवशी आत्याला फोनवर सांगितलं. पुढे म्हणाली, "आत्या, ते अजून जेवले नाहीत. म्हणतात, आत्याकडे व्होल्टेजच नाही. आजपासून सोसायटीच्या मागे लागतो."

आत्याने फोन ठेवला. आपलीच जीभ आपल्याला चावली होती.

आणि काटेराव खरंच मागे लागला. त्याने घरोघर जाऊन एकेकाला शेपटीला धरून सभेला आणलं. कोरम झाला. ठराव झाला. तरससुद्धा क्षणभर हसायचा थांबला. पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसला, त्याला हार घातला, त्याच्यापुढे नारळ फोडला. त्याचा फोटो आत्याला आला.

आत्या फोटो बघत बसली. पॉइंट चांगला होता. हिरवा दिवा होता त्याला.

पहिल्या रविवारी कोणी आलं नाही. दुसऱ्याही. तिसऱ्या रविवारी आत्याने सवयीने भोपळा किसला आणि मग लक्षात आलं, की एवढ्या घाऱ्या खायच्या कोणी? तिला फार एकटं वाटलं. पूर्वी वाटायचं त्याहून जास्त, कारण पूर्वी तिला रविवार माहीत नव्हता. बटणाचा राग आला, स्वतःचा त्याहून आला. थोडं कमी खोटं बोलले असते तर, असं तिला वाटलं. सॉकेट पुसायचं तर तिने त्या पुरणाच्या रविवारपासूनच सोडून दिलं होतं.

सहाव्या रविवारी सकाळी अंगणात हॉर्न वाजला.

आत्या धावत बाहेर आली, तर पांढरी गाडी. पिल्लं उड्या मारत उतरली. काटेराव उतरला तो वाळलेला, वैतागलेला.

"आत्या, सोसायटीच्या करंटमध्ये कसच नाही!"

"म्हणजे रे?"

"म्हणजे काय! दिवे लागतात, पंखे फिरतात, पण गाडीच्या अंगी लागत नाही. संध्याकाळी वायर लावतो, सकाळी बघतो तर अर्धीसुद्धा नाही. तरसाला विचारलं तर हसतो. उदमांजराने तीनदा अपडेट केली. शेवटी माझ्याच डोक्यात प्रकाश पडला." काटेरावने आवाज खाली आणला. "तुझ्याकडचा करंट गावठी आहे, आत्या. सावकाश जातो, पण मुरतो."

आत्याने पदर तोंडाला लावला. नाहीतर हसू फुटलं असतं.

"मी आमच्या गाडीमालकांच्या ग्रुपवर अनुभव लिहून टाकलाय," काटेराव वायर सोडवत म्हणाला. "'सोसायटीच्या करंटवर विसंबू नका, गावाकडचं कोणीतरी शोधा.' अस्वलाने लगेच त्याच्या मावशीला फोन लावला. गवा तर आजच सहकुटुंब काकूकडे गेलाय. दहा वर्षांनी."

वायर सॉकेटला लागली. काटेराव आंब्याखाली गेला आणि पाचव्या मिनिटाला घोरू लागला.

आत्या पीठ मळायला बसली. शलाका ओट्याला टेकून उभी होती. ती सॉकेटकडे पाहत होती. इतके आठवडे न पुसलेल्या त्या पांढऱ्या बटणावर पिवळट पिठाचे तीन जुने ठसे होते. बोटांचे.

"आत्या," शलाका हळूच म्हणाली, "बटण बंद करताना तुम्ही हात पुसत नव्हता."

आत्याचा हात परातीत थांबला. "तुला कधी कळलं?"

"साडेसहा तास लागले ना, त्याच रविवारी."

"मग बोलली नाहीस?"

"कशाला बोलू? आठवड्यातून एक दिवस मला आयतं ताट मिळतं, आत्या. दुपारी कोणी उठवत नाही. सोसायटीत मला कोण वाढतं?"

आत्याने एक घारी थापून कढईत सोडली. मग तिला एकदम काहीतरी सुचलं. "अगं, पण मग सोसायटीतला तो करंट...?"

शलाकाने पदराला हात पुसले. "तिथल्या बटणावर आता माझ्या कणकेचे ठसे आहेत."

आत्याने तिला जवळ घेतलं. साळिंदरणींना एकमेकींना जवळ घेणं सोपं नसतं. फार जपून, काटे मिटून घ्यावं लागतं. तिने तसंच घेतलं आणि मग कढईतली पहिली, फुगलेली घारी तिच्या हातावर ठेवली.

बाहेरून झोपेतला आवाज आला, "आत्या, किती झाली गं?"

दोघींनी एकाच वेळी बटणाकडे पाहिलं.

"अजून वेळ आहे!" दोघी म्हणाल्या.

तात्पर्य : खोटं कधी बोलू नये. पण बोलायचंच झालं, तर हाताचं पीठ पुसू नये. ज्याला कळायला हवं त्याला ते बरोबर कळतं. आणि ज्याला कळायला नको, तो सहसा गाडीचा मालक असतो.